चोरखिशातली किल्ली

दौलत मिस्त्रींच्या प्रत्येक पॅन्टला चोरखिसा असतो. डोंबिवलीतल्या मानपाडा रोडवरचा त्यांचा टेलर तो न सांगताच शिवतो, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, दोन बोटं जेमतेम जातील एवढा. त्यात मिस्त्री पैसे ठेवत नाहीत. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी अडतीस वर्षं फिटर म्हणून काढली आणि तिथल्या हत्यारांच्या कपाटाची किल्ली रोज संध्याकाळी त्या खिशात जायची, सकाळी त्यातून निघायची. किल्ली खिळ्याला टांगून घरी जाणारा माणूस त्यांच्या लेखी फिटर नव्हेच. "दुसरी किल्ली म्हणजे दुसरा चोर," असं ते नव्याने लागलेल्यांना सांगायचे, आणि हे वाक्य आपल्याला सुचलंय याचा त्यांना फार अभिमान होता.

हे आधी सांगायचं कारण असं, की चौदा महिने आफ्रिकेत सेवा करून मिस्त्री घरी आले, दीड दिवसाचा गणपती पोचवून झाला, आणि मग रतनने, म्हणजे त्यांच्या बायकोने, प्रवासाची पॅन्ट धुवायला काढली. सवयीने तिने चोरखिशात बोट घातलं. आतून लांब दांड्याची पितळी किल्ली निघाली.

"अहो, ही कुठली?"

मिस्त्री बशीतून चहा पीत होते. त्यांनी किल्लीकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली.

"मेलो," ते म्हणाले.

मिस्त्री आफ्रिकेत गेले कसे, तेही सांगायला हवं. रिटायर झाल्यावर वर्षभर त्यांनी सोसायटीतल्या लोकांचे पंखे, मिक्सर आणि डोकी दुरुस्त केली. शेवटी शेवटी बेल वाजली की लोक दाराच्या भिंगातून आधी बघायचे आणि मिस्त्री असले तर घरात नसायचे. मुलगी योगिनी ठाण्यात कोलशेतला राहते. तिने कुठून तरी एक संस्था शोधून काढली. ही संस्था हातात कसब असलेल्या रिटायर माणसांना गरीब देशांत शिकवायला पाठवते. विमानाचं तिकीट, राहणं, खाणं त्यांचं, पगार नाही. देशाचं नाव मलावी.

"ते कुठल्या लाईनीवर येतं? वाशीच्या का कर्जतच्या?" असं मिस्त्रींनी विचारलं होतं. पण रात्रभर विचार करून सकाळी हो म्हणाले. रतनने एकच अट घातली. पुढच्या वर्षी गणपतीला घरी, वर एक दिवस नाही. मिस्त्रींनी देवाजवळ हात ठेवून शब्द दिला आणि निघाले.

तिथे एका गावात पत्र्याच्या दोन खोल्यांची शाळा होती. हातपंप दुरुस्त करायला शिकवणारी. अकरा विद्यार्थी, त्यांत तीन मुली. मिस्त्रींचं इंग्रजी वर्कशॉपमधलं, टाईट, लूज, नो, अगेन एवढंच. बाकीचं हातांनी भागायचं. एकाच शब्दाला त्यांना इंग्रजी कधी सापडलं नाही. नवा माणूस लोखंड कापायला हॅक्सॉ घेतो तेव्हा त्याचे हात पळतात, पातं तापतं आणि तुटतं. मग मिस्त्री त्याच्या मनगटाला नुसतं बोट लावायचे आणि म्हणायचे, "हळू, हळू." विद्यार्थ्यांना बरेच दिवस वाटत होतं की हे कुठल्यातरी हत्याराचं नाव आहे.

हत्यारांसाठी एक खोली त्यांनी स्वतः बांधून घेतली. लोखंडी दार स्वतः बनवलं. कोयंडा वेल्ड केला. कुलूप तर डोंबिवलीहून बॅगेत घालून नेलं होतं, सात लिव्हरचं, कारण परदेशातल्या कुलपांवर त्यांचा विश्वास नव्हता. तिथे मिस्त्रींना लोक लांबून हात करायचे. पंप बंद पडला की तीन तीन गावांची माणसं शाळेच्या दारात येऊन बसायची, आणि मिस्त्री पाना घेऊन निघाले की त्यांच्यामागे वरात निघायची. साठी उलटल्यावर माणसाला अशी वरात मिळाली की त्याचं जरा बिघडतंच. मिस्त्रींचंही बिघडलं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गाणी म्हटली, कोंबडी केली. मिस्त्रींना एक घास गेला नाही. जीपवाला हॉर्न वाजवत होता. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, आणि अशा वेळी हात आपलं आपलं काम करतात. हातांनी अडतीस वर्षांची सवय पाळली. हत्यारांच्या खोलीला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली चोरखिशात टाकली.

"मग दुसरी किल्ली असेल की त्यांच्याकडे," रतन म्हणाली.

"आहे. आतल्या फळीवर. डब्यात."

"आतल्या म्हणजे?"

"कुलपाच्या आतल्या."

रतनने तोंडाला पदर लावला. हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण ते काही तिला जमलं नाही.

मिस्त्रींना मात्र हसू येईना. तिकडे आता कोरडे दिवस. विहिरी खाली जातात, पंप दिवसभर चालतात आणि रोज कुठला तरी मोडतो. सगळे पाने, कानशी, हॅक्सॉ, वॉशरचे डबे त्या खोलीत. बायका घडे घेऊन मैल मैल चालत असतील, आणि किल्ली मानपाड्यात. ते लगेच फोन करायला उठले. नंबर लावला आणि बंद केला.

का बंद केला, तर खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटलं होतं. आधी धस्स झालं आणि त्याच्या पाठोपाठ बरं वाटलं. आपल्यावाचून तिथे अडलं असणार, हा विचार त्यांना गुळाच्या खड्यासारखा गोड लागला. गेले चार दिवस घरात त्यांच्यावाचून कशाचंच अडत नव्हतं. आल्या आल्या ते मोरीतला गळका नळ दुरुस्त करायला निघाले होते. चौदा महिने त्यांनी त्या नळाचा विचार केला होता, नवा वॉशरसुद्धा बरोबर आणला होता. नळ गळत नव्हता. रतनने स्वतःच पाना आणून वॉशर बदलला होता. मिस्त्रींनी नळ तीनदा उघडून बंद केला आणि "टाईट जरा जास्त केलायस" एवढं म्हणून बाहेर आले.

तेव्हा त्यांनी ठरवलं की आपण फोन करायचा नाही. अडलं की तेच करतील.

एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. फोन आला नाही. मिस्त्री अंघोळीला जाताना मोबाइल रतनच्या हातात द्यायचे. चौथ्या दिवशी त्यांची काळजी संपली आणि राग सुरू झाला. चौदा महिने जीव लावला, साधं विचारावंसं वाटू नये? पाचव्या दिवशी त्यांना स्वतःचीच लाज वाटली, कारण तिथे पाण्यासाठी लोक अडले असतील आणि आपण मानपानाचं बघतोय. पण लाज वाटूनही त्यांनी फोन केला नाही. आता त्यांना भीती वाटत होती. अडलंय असं ऐकू आलं तरी वाईट, आणि अडलं नाही असं ऐकू आलं तर त्याहून वाईट.

रविवारी योगिनी आली. शीळफाट्यावर तासभर अडकल्यामुळे वैतागलेली होती, पण बातमी सांगायची म्हणून पाणीही न पिता बसली.

"बाबा, संस्थेचा मेल आलाय. तुमच्या जागी जो माणूस जाणार होता ना, तो फेब्रुवारीशिवाय जात नाही. तोपर्यंत जागा रिकामी आहे. विचारतायत, सहा महिने परत याल का. मंगळवारपर्यंत कळवायचंय."

मिस्त्रींचा चेहरा एकदम उजळला. तो त्यांनी लगेच सावरला, पण घरातल्या दोघी बायकांनी तेवढ्यात बघून घेतला होता.

"तसं मला काही जायचंच आहे असं नाही," मिस्त्री म्हणाले. "पण ती किल्लीही पोचवायचीय. कोणीतरी न्यायला तर पाहिजे."

"कुरिअरने जाते की किल्ली," रतन म्हणाली.

"कुरिअरचा काय भरवसा?"

रतनने योगिनीला जेवायला वाढलं, तिच्या सासूसाठी मोदक बांधून दिले, ती रिक्षात बसेपर्यंत गॅलरीत उभी राहिली. मग आत येऊन मिस्त्रींच्या समोर बसली.

"जायचं असेल तर जा," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. मागच्या वेळी माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, मी तुम्हाला आठ दिवसांनी सांगितलं. का, तर तुम्ही अर्ध्यातून उठून आला असता. उजवा दिवाळीनंतर करायचाय. तोही होईल. योगिनी आहे. पण जायचं तर मला जावंसं वाटतंय म्हणून सरळ सांगून जा. किल्ली पोचवायला जातो म्हणून सांगू नका. मी काही पोर नाही."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. आणि तो नळ. मी नीट केला तर तुम्हाला राग आला. कळलं मला. मी काय हौसेने केला तो? तुम्ही नव्हता, पाणी रात्रभर टपटपायचं, मग केला. करताना रडू आलेलं मला. तुमच्यावाचून जमतंय म्हणून तुम्ही नको झालात असं नसतं हो."

मिस्त्री मान खाली घालून ऐकत राहिले. अडतीस वर्षांत सुपरवायझरच्या बापाचं ऐकून घेतलं नव्हतं त्यांनी. पण हे बोलणं खरं होतं, आणि खऱ्याला उलट उत्तर करता येत नाही.

मंगळवारी दुपारी चारला त्यांनी फोन लावला. तिकडे साडेबारा, जेवणाची सुट्टी. रतन स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होती. चिसोमोने फोन उचलला. अकरा जणांतली ही सगळ्यात हुशार मुलगी, चोवीस वर्षांची, हातात कानस धरली की ओठ आत दुमडून घेणारी. तिचं इंग्रजी आणि मिस्त्रींचं इंग्रजी अर्ध्या वाटेवर कुठेतरी भेटायचं, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं.

"सर, नीट पोचलात? बायको बरी आहे?"

"बरी आहे. चिसोमो, ऐक. माझी चूक झाली. हत्यारांच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आलीय. इथे, घरी."

"हो सर. माहीत आहे."

"माहीत आहे?"

"तुम्ही कुलूप लावलंत, दोनदा ओढलंत आणि किल्ली पॅन्टमध्ये घातलीत. आम्ही सगळे बघत होतो."

"मग कोणी बोललं का नाही?"

"तुम्ही रडत होता सर."

मिस्त्रींनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"मग आता? पंपांची कामं बंद?"

"नाही सर. गेल्या आठवड्यात चार पंप केले. नवीन बॅचही आलीय, सात जण. सरांची जागा भरेपर्यंत मीच शिकवते."

"हत्यारांशिवाय?"

चिसोमो म्हणाली, "रागावू नका. बिजागऱ्यांच्या पिना."

फिटरला एवढं पुरतं. खोली लहान म्हणून मिस्त्रींनी दार बाहेर उघडणारं केलं होतं. बाहेर उघडणाऱ्या दाराच्या बिजागऱ्याही बाहेर येतात, आणि पिनांना खालून वेल्डिंगचा टाका मारला नाही तर त्या बोटाने वर सरकतात. कुलूप सात लिव्हरचं असो की सत्तर, दार दुसऱ्या बाजूने उचलून ठेवता येतं. दार बसवलं त्या दिवशी वीज गेली होती. टाका उद्या मारू म्हणून मिस्त्रींनी ठेवला, आणि तो उद्या अकरा महिने उजाडला नाही.

"तुम्ही गेलात त्याच संध्याकाळी काढल्या," चिसोमो सांगत होती. "रोज सकाळी काढतो, संध्याकाळी परत बसवतो. आतल्या डब्यातली किल्ली लावून बघितली, ती फिरली नाही. त्यानंतर कुलपाला हात लावलेला नाही. ते तुमचं आहे."

"पिनांचं कधी कळलं तुला?"

"दार बसवलंत त्याच दिवशी."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना सर."

"अकरा महिने एकाने सांगितलं नाही मला?"

"पाहुण्याला कसं सांगायचं?"

हे मात्र मिस्त्रींना लागलं. चौदा महिने ते स्वतःला तिथले उस्ताद समजत होते, आणि ती सगळी माणसं त्यांना पाहुण्यासारखं सांभाळत होती. त्यांच्या चुकीवर पांघरूण घालत होती, वरातीत मागून चालत होती, आणि शिकायचं ते शिकूनही घेत होती. त्यांना हसू आलं. वाईट वाटत होतं आणि छातीही फुगत होती. दोन्ही एकाच वेळी होतं, आणि त्यांनी कुठलंच आवरलं नाही.

मग त्यांच्यातला फिटर जागा झाला.

"ते दार तसं ठेवू नका. तुम्हाला सुचलं ते चोराला सुचायला किती वेळ? पिनांना टाके मारा. आजच मारा. आणि त्याआधी कोयंडा कापून माझं कुलूप काढून टाक. नवा कोयंडा लाव, तुमच्या बाजारातलं कुलूप आण. किल्ली तुझ्याकडे."

"पण सर, संस्थेचे लोक म्हणाले तुम्ही कदाचित परत याल. तुम्ही किल्ली घेऊन येणार असाल तर कशाला कापायचं?"

मिस्त्रींनी स्वयंपाकघराकडे बघितलं. रतन पाठमोरी होती. मिक्सर चालू होता, पण भांड्यातली चटणी केव्हाच बारीक झालेली होती.

"काप," ते म्हणाले.

"आणि दुसरी किल्ली? नव्या कुलपाला दोन येतात."

मिस्त्रींनी पितळी किल्ली हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. जन्मभर सांभाळलेलं वाक्य सोडायचं म्हणजे वेळ लागतोच.

"दुसरी खिळ्याला टांग," ते म्हणाले. "सगळ्यांना दिसेल अशी."

"आत्ताच कापू? तुम्ही ऐकता?"

"ऐकतो."

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. मिस्त्रींनी आपल्याकडचा स्पीकर चालू केला आणि मोबाइल टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसले. रतनने मिक्सर बंद केला. तिकडे माणसांची हालचाल ऐकू आली, कोणीतरी काहीतरी उचललं, आणि मग हॅक्सॉ लागली.

"काय वाजतंय?" रतनने हात पुसत विचारलं.

"कोयंडा कापतायत."

"नीट कापतायत का?"

मिस्त्रींनी कान लावला. पुढे जाताना जोर हवा, मागे येताना पातं नुसतं सरकायला हवं. अडतीस वर्षांत त्यांनी हजार माणसांचा हा आवाज ऐकला होता आणि हजारदा मध्येच थांबवला होता. पहिले काही हात पळाले. पातं चिरचिरलं. मिस्त्री पुढे सरसावले, तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडून चिसोमोचा आवाज आला. कापत ती नव्हती. नव्या बॅचमधल्या कोणाच्या तरी हातात तिने हॅक्सॉ दिली होती आणि शेजारी उभी राहून त्याला सांगत होती.

"हळू," ती म्हणाली. "हळू, हळू."

आवाज मंदावला. पुढे जोर, मागे हलकं, पुढे जोर, मागे हलकं. मिस्त्री उघडलेलं तोंड मिटून ऐकत राहिले. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हे मराठी कोण बोललं?" रतनने विचारलं.

मिस्त्रींनी नुसता हात वर केला, थांब म्हणून. तिकडे लोखंड तुटलं, कुलूप जमिनीवर पडलं, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. चिसोमो फोनवर आली, झालं सर म्हणाली, कुलूप धुऊन पुसून ठेवते म्हणाली, रतनला नमस्कार सांगितला. मिस्त्री "गुड, गुड" एवढंच म्हणू शकले.

मग त्यांनी पाणी प्यायलं, चष्मा पुसला आणि कोलशेतला फोन लावला.

"योगिनी, त्या मेलचं उत्तर लिहायचंय. आत्ता लिही."

"काय लिहू बाबा? येतो म्हणून?"

"जागा रिकामी आहे म्हणाले ना ते? रिकामी नाहीये म्हणावं. तिथे मास्तर आहे, कामाला लागलेला आहे. फेब्रुवारीत कोणाला पाठवायची गरज नाही, त्याच पोरीला नेमा, पगार द्या. नाव सांगतो, नीट लिहून घे."

आणि किल्ली हातात धरून ते एकेक अक्षर सांगू लागले. रतनने चटणीचं भांडं विसळायला नळ सोडला. काम झाल्यावर तो बंद केला आणि त्यांनी सांगितलं होतं तसा, जरा कमी टाईट केला.